देव एकेरीत बोलतो

परमेश्वर प्रत्येक माणसाशी बोलतो. सकाळी सव्वासहा ते साडेसहा या वेळात बोलतो, हे मात्र चर्चच्या मंडळीच्या पाळकांनी ठरवलं होतं.

पाळक तरुण होते, नवे होते, आणि त्यांना सुधारणेची घाई होती. एका रविवारी उपदेशात ते म्हणाले, "आपली प्रार्थना म्हणजे काय? आपण फोन लावतो, आपली यादी वाचून दाखवतो, आमेन म्हणतो आणि ठेवून देतो. पलीकडच्याला हॅलो म्हणायचीसुद्धा सवड देत नाही." मंडळी हसली, कारण प्रत्येकाला शेजारच्या बाकावरचं कोणीतरी आठवलं. मग पाळकांनी 'ऐकण्याच्या चाळीस सकाळी' जाहीर केल्या. रोज पंधरा मिनिटं दार लावून गप्प बसायचं, हातात वही-पेन्सिल ठेवायची आणि मनात जे उमटेल ते लिहायचं. वह्या मंडळीकडून फुकट होत्या. त्या पहिल्याच रविवारी संपल्या. त्यात ओढ देवाची किती आणि वहीची किती, ते देवालाच ठाऊक. आठवड्याभरात बहुतेक वह्यांमध्ये वाणसामानाच्या याद्या दिसू लागल्या.

स्टेनोसाहेबांनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली. लिहून घ्यायचं काम आहे म्हटल्यावर ते दुसऱ्या कोणावर सोडणं त्यांना बरं वाटेना.

स्टेनोसाहेब म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. एकतीस वर्षं ते न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून साक्षी उतरवून घेत होते. मिनिटाला एकशेचाळीस शब्द. या धंद्याची खुबी अशी की शब्द कानातून निघून थेट हातात उतरतो. डोकं वाटेत लागत नाही. डोकं मधे आलं की माणूस विचार करतो, आणि विचार करेपर्यंत साक्षीदार दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. स्टेनोसाहेबांचं डोकं कधीच मधे आलं नाही. एकदा कोर्टात आग लागली तेव्हा 'सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे' ही घोषणा त्यांनी शब्दशः उतरवून घेतली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसून राहिले. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यांची बायको रुग्णालयात नर्स होती, तीही आता निवृत्त. मंडळीत सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणायची पद्धत, पण ही पगारी सिस्टर होती, म्हणून नुसतं 'सिस्टर' म्हटलं की तीच.

त्यांना एक मुलगा होता, आणि गेली चार वर्षं बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण तसं साधं होतं. मुलाने वकिलीचं शिक्षण शेवटच्या वर्षाला सोडलं आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की आपण केस कापायला शिकतो आहोत, बायकांचे. वकिलांचं बोलणं एकतीस वर्षं खाली मान घालून लिहून घेतलेल्या माणसाला, आपल्या घरातलं कोणीतरी एकदा बोलणाऱ्यांच्या बाजूला उभं राहावं, असं वाटलं तर त्यात चूक काही नाही. चूक पुढे झाली. मुलगा आपली बाजू मांडू लागला आणि स्टेनोसाहेबांनी पानाजवळ वही ओढून ते लिहून घ्यायला सुरुवात केली. नंतर शब्द फिरवायला नकोत म्हणून.

"मी बोलतोय आणि तुम्ही लिहिताय?" मुलगा म्हणाला.

स्टेनोसाहेबांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुसऱ्या शहरात निघून गेला. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की स्टेनोसाहेब उठून पेन्सिलींना टोक करत. इतक्या टोकदार पेन्सिली दुसऱ्या कुठल्या घरात मिळाल्या नसत्या.

आता सकाळी सव्वासहाला ते मुलाच्याच रिकाम्या खोलीत बसू लागले. दार बंद, डोळे मिटलेले, मांडीवर वही. पानाच्या डाव्या कडेला कोर्टाच्या सवयीने त्यांनी खुणा करून ठेवल्या होत्या: 'प्र.' म्हणजे प्रभू, 'उ.' म्हणजे उत्तर, अर्थात स्वतःचं. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी अशा: '६.१५, कामकाज सुरू. ६.३०, कामकाज तहकूब.' मध्ये काही नाही.

इकडे सिस्टरच्या आयुष्यातही फरक पडला होता. मुलाशी त्या रोज फोनवर बोलत. आजवर कचरा टाकायला जाते म्हणून जिन्यात उभं राहून बोलत. कचरा मूठभर आणि वेळ अर्धा तास; पण स्टेनोसाहेबांना कधी शंका आली नाही. आता नवरा रोज पंधरा मिनिटं आपण होऊन कोंडून घेतो आहे हे तीन दिवस नीट तपासून चौथ्या सकाळपासून त्या ओट्यापाशीच उभ्या राहून, दबल्या आवाजात, लेकाला फोन करू लागल्या. ओटा आणि ती खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. बांधणाऱ्याने ती भिंत म्हणून बांधली होती खरी, पण जाडीला पुठ्ठ्याच्या वरचढ नव्हती.

चौथ्या दिवशी साडेसहाला स्टेनोसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा पानावर ओळ होती.

आपण ती कधी लिहिली हे त्यांना आठवत नव्हतं. कोर्टातही आठवत नसे, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. नवल वेगळंच होतं. लघुलिपीत स्वर गाळतात. व्यंजनांच्या रेघा तेवढ्या उरतात आणि शब्द संदर्भाने लावावा लागतो. त्यांनी चष्मा लावून वाचलं: 'रात्री जेवलास का नीट?'

पुढे दोनच रेघा होत्या, प आणि र. त्यांनी पूर लावून पाहिलं, पार लावून पाहिलं, पुरे लावून पाहिलं. काही बसेना. शेवटी बसला तो एकच शब्द: 'पोरा'.

स्टेनोसाहेब बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले. वय वर्षं त्रेसष्ट. त्यांना 'पोरा' म्हणणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची आई, आणि तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांना एकेरी हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. बायको 'अहो' म्हणे, मंडळी 'साहेब' म्हणे, कोर्टात तर शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे 'तुम्ही'. आणि इथे स्वच्छ लिहिलं होतं, 'जेवलास'. ते 'जेवलात' नव्हतं. शेवटची रेघ स ची होती, यात शंकेला जागा नव्हती. आपल्याला 'तू' म्हणू शकेल असं आता फक्त एकच कोणीतरी उरलं आहे, हा निष्कर्ष त्यांनी काढला. पुराव्याच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती.

त्या दिवशी नाष्ट्याला ते सिस्टरना म्हणाले, "चहा छान झालाय."

सिस्टरनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नंतर पान रोज भरू लागलं. 'खोकला कमी आहे का? ते काळं औषध घेऊ नकोस, नुसती साखर असते त्यात.' स्टेनोसाहेबांना खोकला नव्हता, पण नोंदीत फेरफार करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. 'रंगाची बाटली उघडताना तोंडाला फडकं बांध.' हे दृष्टान्तरूप असावं. 'तो वाईट नाही रे. तोंड वाईट आहे.' इथे ते थबकले. हा 'तो' कोण? विचार केल्यावर लक्षात आलं: मुलगा! दुसरा कोण? मुलगा वाईट नव्हताच. तोंड मात्र होतं. इतकं नेमकं वर्णन देवालाच जमावं.

'प्र.' पुढची जागा अशी भरत गेली. 'उ.' पुढची सगळी कोरी राहिली.

सतराव्या दिवशी ते वही घेऊन पाळकांकडे गेले. पाळकांनी पान उभं धरलं, आडवं धरलं आणि परत दिलं. "तुम्हीच वाचा."

स्टेनोसाहेबांनी वाचून दाखवलं.

"देव तुम्हाला पोरा म्हणाला?"

"रेघा प आणि र च्या आहेत. बाकीचे पर्याय मी तपासून पाहिले."

पाळकांच्या टेबलावर त्यांची स्वतःची वही होती. ती त्यांनी हळूच फायलीखाली सरकवली. "खरं सांगू साहेब? सतरा दिवस मला फक्त फ्रिजचा आवाज ऐकू येतोय." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्या."

"शपथेवर?"

"अहो, ती साक्ष नव्हे. आपली साक्ष. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं."

"दोन्हींत खरंच सांगायचं असतं ना?"

पाळकांनी रविवारच्या यादीत त्यांचं नाव लिहून टाकलं.

रविवारी स्टेनोसाहेब पुढे उभे राहिले. सिस्टर तिसऱ्या बाकावर, नेहमीच्या जागी होत्या. नवऱ्याने घरात त्यांना वहीबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. दोघांचं ते गुपित आहे असं तो धरून चालला होता, दोघं म्हणजे तो आणि देव.

त्यांनी कोर्टात वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. सपाट आवाज, चढ नाही, उतार नाही. "चौथा दिवस. प्रभू. रात्री जेवलास का नीट, पोरा."

मंडळीत एक हलका हुंकार उमटला. देवाकडून लोकांची अपेक्षा जरा भारदस्त बोलण्याची होती. पण हे ऐकून मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

"पाचवा दिवस. खोकला कमी आहे का. ते काळं औषध घेऊ नकोस, नुसती साखर असते त्यात. मला खोकला नाही, पण नोंद आहे तशी वाचतो."

सिस्टर ताठ बसल्या.

"देवाला औषधातलं कळतं?" मागे कोणीतरी कुजबुजलं.

"त्याला नाही तर काय तुमच्या जावयाला कळतं?" दुसरं कोणीतरी म्हणालं.

"अकरावा दिवस. तो वाईट नाही रे. तोंड वाईट आहे. इथे 'तो' म्हणजे माझा मुलगा, असा मी अर्थ लावतो. तेरावा दिवस. त्यालाही तुझी आठवण येते. मरेपर्यंत कबूल करणार नाही." स्टेनोसाहेबांनी घसा साफ केला. एकतीस वर्षांत वाचताना त्यांनी घसा साफ केल्याची ही पहिलीच वेळ. "सोळावा दिवस. चार वर्षं झाली, पोरा. कोणीतरी आधी फोन करायला हवा ना? तूच कर."

सिस्टरनी गीतांचं पुस्तक उघडून त्यात तोंड घातलं. शेजारणीला वाटलं, रडतायत. तिने त्यांची पाठ थोपटली. पुस्तक उलटं होतं.

"म्हणून," स्टेनोसाहेब म्हणाले, "आज घरी गेल्यावर मी मुलाला फोन करणार आहे. आज्ञा आहे."

मंडळी आमेन म्हणाली. पाळकांचा आमेन सगळ्यांत मोठा होता.

घरी येताना वाटेत सिस्टरच्या मनात एकच हिशोब चालला होता. गप्प बसलं तर फोन होईल. चार वर्षं ज्यासाठी गुडघे टेकले ते आज, आत्ता, होईल. वॉर्डात त्यांनी हजारो माणसांना 'काही दुखणार नाही' असं सांगून सुई टोचली होती, एवढंसं खोटं त्यांना जड नव्हतं. पण ते खोटं स्वतःच्या नावावर होतं. आपलं बोलणं देवाच्या नावावर खपवणं त्यांना जमेना.

स्टेनोसाहेबांनी बूटही काढले नव्हते. फोनपाशी जाऊन म्हणाले, "त्याचा नंबर असेल ना तुझ्याकडे?"

"अहो, जरा बसा. ते देव बोलला नाही. मी बोलले."

"कुठे?"

"ओट्यापाशी. रोज. फोनवर, त्याच्याशी. भिंत पातळ आहे."

स्टेनोसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. उलटतपासणीत फुटलेल्या साक्षीदाराकडे बघतात तसं.

"पण सगळं एकेरीत आहे."

"मग लेकाला काय अहो-जाहो करू?"

"खोकला?"

"त्याला. केस रंगवायचे ते रंग असतात ना, त्यांच्या वासाने होतो."

त्यांनी वहीची पानं उलटली. "'तो वाईट नाही रे'. हा 'तो' कोण?"

"तुम्ही."

"'तोंड वाईट आहे'?"

"तेही तुमचंच."

"मी हे सगळ्या मंडळीसमोर वाचलं."

"छान वाचलंत," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं."

स्टेनोसाहेब खुर्चीत बसले. वही मिटली, पुन्हा उघडली. त्यांचा चेहरा कोणीतरी हातातून काही काढून घेतल्यासारखा झाला होता. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "मग ते 'पोरा' पण माझं नव्हतं."

सिस्टरना हे अपेक्षित नव्हतं. नवरा चिडेल, पेन्सिलीला टोक करायला उठेल, इथवरची त्यांची तयारी होती. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"ते मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "फोन ठेवल्यावर मी रोज त्याला, म्हणजे देवाला, एकच सांगायचे. यांच्या कानात घाल म्हणून. चार वर्षं सांगतेय. कान काही उघडा सापडला नसेल त्याला. हात सापडला."

"हा ऐकीव पुरावा झाला. कोर्टात टिकत नाही."

"मग नका करू फोन." त्या उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

स्टेनोसाहेब एकटे बसले. आता आज्ञा नव्हती. आज्ञा असती तर बरं झालं असतं. आज्ञेचं पालन करणं त्यांना चांगलं येत होतं. मंडळीत आमेन झाला होता, पण आमेनवर कोणी फोन केलाच पाहिजे असा कायदा नाही. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचून काढलं, या वेळी 'तो' च्या जागी स्वतःला घालून. वाचायला अर्धा तास लागला. एरवी चार मिनिटांचं काम.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उत्तरं नाहीत यात."

"काय?"

"तू विचारलेलं सगळं आहे. तो काय म्हणाला ते नाही. जेवला होता का त्या दिवशी?"

सिस्टरनी हात पुसले. त्यांना उत्तरं पाठ होती. अठरा दिवसांचीच काय, चार वर्षांची पाठ होती.

"त्यालाच विचारा," त्या म्हणाल्या, त्यांना खुर्चीत बसवून शेजारी बसल्या आणि नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

तीन वेळा वाजला. मग, "हं आई, बोल."

"मी बोलतोय."

"मी कोण?"

स्टेनोसाहेबांना क्षणभर हा प्रश्न अवघड वाटला. "पप्पा."

पलीकडे केस वाळवायच्या यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. शेजारी बसलीये."

"मग काय झालं?"

"काही नाही. जेवलास का?"

"पप्पा, साडेबारा वाजतायत. रविवार आहे, दुकान भरलंय. गिऱ्हाईक खुर्चीत आहे."

"मग नंतर करू?"

"नको नको. तिचं डोकं ओलं आहे, जाणार कुठे?" मुलगा खोकला. "पप्पा, तुम्ही लिहिताय का?"

स्टेनोसाहेबांनी खाली पाहिलं. उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोट हलत होतं. पेन्सिल नव्हती, कागद नव्हता. बोट आपलं पँटवर रेघा ओढत होतं. सिस्टरनी आपला हात त्यावर ठेवला आणि दाबून धरला, सुई लावलेल्या पेशंटचा धरतात तसा.

"नाही," स्टेनोसाहेब म्हणाले. "तुझ्या आईने हात धरलाय."

पलीकडून एक आवाज आला. हसल्याचा असेल, खोकल्याचा असेल; संदर्भाने लावावा लागला असता, आणि स्टेनोसाहेबांनी तो लावला नाही. ते नुसते थांबले. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी थांबलं तर ते पेन्सिल उचलून वाट बघत. आज उचलायला काही नव्हतं.

"मग बोलू का?" मुलगा म्हणाला.

"बोल."

तो बोलला. चार वर्षांचं होतं, क्रमाने नव्हतं. त्या दिवशी टेबलावर जे सांगायचं राहिलं होतं तेही त्यात होतं. मध्ये एकदा स्टेनोसाहेब म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." आणि एकदा म्हणाले, "हो. तोंड वाईट आहे माझं." बाकी सगळा वेळ ते ऐकत होते. त्यांच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात सिस्टरना आपल्या हाताखालचं ते बोट कधी थांबलं हे कळलंही नाही. काय काय बोलणं झालं याची नोंद कुठेच नाही.

फोन सव्वीस मिनिटं चालला. गिऱ्हाईकाचं डोकं आपोआप वाळलं आणि त्याबद्दल ते पुष्कळ बोललं.

सोमवारी दुकानाला सुट्टी असते, म्हणून मुलगा सोमवारी आला. बस पाऊण तास उशिरा होती; तेवढा वेळ स्टेनोसाहेब स्टँडवर वहीशिवाय उभे होते.